रुळाला हुकूम की इंजिनाला?

व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून पुष्कळांना हसू आले असेल. वसंतातल्या संध्याकाळी संतवाङ्मयावर ऐकावे, इतिहासावर ऐकावे, फार तर शेतीभातीवर ऐकावे. परंतु टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाडीवर तासभर काय ऐकायचे? शंका रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, हा खेळ मांडून बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो प्रश्न खेळापुरता राहत नाही. हुकूम कोणाला द्यायचा, रस्त्याला की रस्त्यावरून जाणाऱ्याला? अ‍ॅनालॉग आणि डिजिटल या दोन पद्धतींतला भेद मुळात एवढाच आहे. बाकीचा सारा तपशील त्यातून निघतो.

हा प्रश्न आम्हांस कसा पडला ते आधी सांगावयास हवे. शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी संपल्यावर आम्ही अर्नाळ्याच्या घरी येऊन राहिलो. शेजारी एक निवृत्त मोटरमन राहतात. त्यांची सारी नोकरी विरार आणि चर्चगेट यांच्या दरम्यान, पंधराशे व्होल्टांच्या तारेखाली गेली. जहाजावर नोकरीला असलेल्या त्यांच्या मेव्हण्याने फार वर्षांपूर्वी हॅम्बुर्गहून एक इंजिन आणून दिले होते. वाफेच्या इंजिनाची वीतभर प्रतिकृती, पण आत विजेची मोटर. ते कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेले असे. आळीतल्या मुलांनी ते एकदा पाहिले, आणि ‘आजोबा, चालवून दाखवा’ असा धोशा लावला. चालवायचे तर रूळ हवेत, रूळ मांडायचे तर फळी हवी, फळी आली की स्थानक हवे. अशा रीतीने आमच्या ओटीवर आठ फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवुडवर विरार स्थानक उभे राहू लागले.

छोट्या मांडणीचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडा हिशेब करू. जगात सर्वांत रूढ असलेले प्रमाण सत्त्याऐंशीस एक. म्हणजे खऱ्या गाडीचे सत्त्याऐंशी मीटर आपल्या फळीवर एक मीटर होतात. लोकलचा डबा सुमारे वीस-एकवीस मीटरांचा; तो येथे चोवीस सेंटिमीटरांच्या आत बसतो. बारा डब्यांची लोकल लावली तर ती पावणेतीन मीटरांहून लांब होते, आणि आमची फळी अडीच मीटरांचीही नाही. विरारपासून वसई रोड आठेक किलोमीटर. प्रमाणात उतरवले तरी ते नव्वद मीटरांवर जाईल. तेव्हा घरातल्या मांडणीत बारा डबे, नालासोपारा आणि वसई यांचा मोह सोडावा लागतो. एक स्थानक, दोन मार्ग, एक बगलमार्ग आणि तीन डब्यांच्या गाड्या एवढाच संसार. आजच्या विवेचनातली मांडणी ही एवढी आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ पासून लोकांना खुले असलेले लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांच्या डोळ्यांपुढे एक सबंध शहर येईल. ती मोठ्या घराची गोष्ट. आपण ओटीवरच्या फळीविषयी बोलत आहोत.

रुळाला हुकूम

आधी जुनी पद्धत पाहू. तिला अ‍ॅनालॉग म्हणतात. येथे दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा. पेटीवरची मूठ फिरवली की रुळांत शून्यापासून बारा व्होल्टांपर्यंत एकदिश प्रवाह जातो. इंजिनाची चाके तो रुळांवरून उचलतात आणि मोटरीला देतात. व्होल्ट वाढले की वेग वाढतो, कमी केले की वेग मंदावतो. धन आणि ऋण यांची अदलाबदल केली की गाडी उलटी जाते. यापलीकडे या पद्धतीत काही नाही. इंजिनाला अक्कल नाही. जी काय आहे ती पेटीवरच्या हातात.

आपल्याकडच्या वाड्यांत जुन्या काळी रहाटाचे पाणी पाटाने फिरे, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच उमजेल. पाटात पाणी सोडले की पाटाला तोंड असलेल्या प्रत्येक वाफ्यात ते शिरणार. केळीला द्यायचे आणि पानवेलीला नाही, असे पाण्याला सांगता येत नाही. तसेच येथे. एका रुळावर दोन इंजिने ठेवली आणि मूठ फिरवली, तर दोन्ही एकदम निघतील. थांबवली तर दोन्ही थांबतील. एकाला फलाटावर उभे ठेवून दुसऱ्याला बगलमार्गातून काढणे अशक्य.

मग वाडीत काय करतात? माती ओढून पाटाला बांध घालतात. अ‍ॅनालॉग मांडणीतही तेच करायचे. रुळाला बारीक फट पाडायची, म्हणजे त्याचे वेगवेगळे तुकडे होतात. रेल्वेच्या भाषेत त्याला ब्लॉक म्हणावे. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र बटण. ज्या तुकड्याचे बटण बंद, त्यावरची गाडी मुकाट उभी. दोन माणसांना दोन गाड्या चालवायच्या असतील तर दोन पेट्या घ्यायच्या, आणि प्रत्येक तुकडा हव्या त्या पेटीला जोडता येईल अशी दुहेरी बटणे बसवायची. आमच्या फळीवर असे सहा तुकडे झाले. गाडी पुढच्या तुकड्यात जाण्याआधी तो तुकडा आपल्या पेटीला जोडून घ्यायचा, मागचा सोडून द्यायचा. विसरलात तर गाडी अर्ध्यावर थांबते, किंवा दुसऱ्याच्या मुठीने पळू लागते.

हे ऐकावयास किचकट वाटते, पण त्यात एक शिस्त आहे, आणि ती खऱ्या रेल्वेची शिस्त आहे. एका ब्लॉकात एका वेळी एकच गाडी, हा नियम पाळून जगभरच्या गाड्या सुखरूप चालत आल्या आहेत. पुढचा ब्लॉक मोकळा आहे हे ठाऊक झाल्यावाचून गाडी सोडायची नाही, हे आमच्या ओटीवरची दहा वर्षांची मुलगी बटणांच्या फळीपाशी बसून आठ दिवसांत शिकली. पुस्तकातला धडा वाचून ती ते शिकली नसती.

शिवाय गाडी एकच असेल तर बटणांचीही गरज नाही. विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकापर्यंत पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी निघाली. त्या दिवसाचा देखावा कोणाला फळीवर उभा करायचा असेल, तर एक गाडी, एक पेटी आणि दोन तारा पुरेत. त्यासाठी डिजिटलचा खर्च करणे म्हणजे एका पणतीसाठी तेलाची घाणी विकत घेण्यासारखे आहे.

इंजिनाला हुकूम

आता दुसरी पद्धत. अर्नाळ्याच्या बंदरावर उभे राहून समुद्रात गेलेल्या बोटीशी बोलायचे झाले तर आज वायरलेस आहे. त्याची रीत अशी की, एका वाहिनीवर बोललेले सगळ्या बोटींना ऐकू जाते. पण किनाऱ्यावरचा माणूस आधी बोटीचे नाव घेतो, मग निरोप सांगतो. ज्या बोटीचे नाव, ती उत्तर देते. बाकीच्या ऐकून न ऐकल्यासारखे करतात. डिजिटल पद्धत म्हणजे हेच. फरक एवढाच की येथे निरोप आकाशातून जात नाही, रुळांतूनच जातो; आणि ज्या विजेवर इंजिन चालते, त्याच विजेवर निरोप स्वार झालेला असतो.

प्रत्येक इंजिनात नखाएवढी एक विद्युत्पट्टी बसवतात. तिला डीकोडर म्हणतात. तिला एक क्रमांक दिलेला असतो. नवीन डीकोडरचा क्रमांक बहुधा तीन असतो; तो आपण हवा तसा बदलून घ्यायचा. रुळांत नेहमी पूर्ण दाबाची वीज असते, गाडी धावत असो की उभी असो. ती वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, आणि दिशा किती वेळाने बदलली यावरून ‘एक’ किंवा ‘शून्य’ हे अंक ओळखले जातात. सेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोसेकंद. प्रत्येक दिशा अठ्ठावन्न मायक्रोसेकंद टिकली तर तो ‘एक’. शंभर किंवा त्याहून अधिक टिकली तर ‘शून्य’. चौदा किंवा अधिक ‘एक’ लागोपाठ आले की डीकोडरला समजते, आता निरोप सुरू होणार. मग इंजिनाचा क्रमांक, मग हुकूम, आणि शेवटी पडताळ्याचा आकडा. हा आकडा आधीच्या दोन्हींशी जुळला नाही तर डीकोडर तो निरोप सोडून देतो. चुकीचे ऐकून भलतेच करण्यापेक्षा गप्प राहणे बरे, हे शहाणपण त्या नखाएवढ्या पट्टीत घातलेले आहे. असे शंभराहून अधिक निरोप एका सेकंदात जातात, म्हणून एखादा हुकला तरी पुढचा लगेच येतो.

ही युक्ती एका दिवसात निघालेली नाही. इंग्लंडच्या हॉर्नबी कंपनीने १९७९ मध्ये ‘झीरो वन’ नावाची पद्धत बाजारात आणली. तिच्यात सोळा इंजिनांना वेगवेगळे हुकूम देता येत. पुढे जर्मनीतल्या लेंझ कंपनीने केलेल्या कामाच्या पायावर, १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय लघुरेल्वे संघटनेने १९९० नंतरच्या दशकात सर्वांसाठी एक मानक ठरवले. त्याला डी.सी.सी. असे नाव आहे. त्याचा मोठा लाभ असा की, एका कंपनीची पेटी आणि दुसऱ्या कंपनीचे इंजिन यांचे आता जमते. हॅम्बुर्गमध्ये २००१ साली उघडलेल्या प्रचंड लघुनगरीत शेकडो गाड्या एकाच वेळी फिरतात, त्या अशाच डिजिटल हुकमांवर.

हे सारे आम्ही मोटरमन शेजाऱ्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, यात नवं काय? आमच्या तारेत पंधराशे व्होल्ट कायम असायचे. गाडी केव्हा सोडायची, किती पळवायची, ते माझ्या हातात. सबस्टेशनातला माणूस बसल्या जागी माझी गाडी पळवायला लागला असता तर मी नोकरी सोडली असती.”

आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. जे आम्ही पुस्तकांतून काढू शकलो नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. खरी विजेची रेल्वे, मुंबईत १९२५ मध्ये आली ती आणि विरारपर्यंत १९३६ मध्ये पोचली ती, या अर्थाने डिजिटलच्याच वळणाची आहे: तारेत वीज कायम, आणि मर्जी गाडीत बसलेल्याची. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरचे एकदिश पंधराशे व्होल्ट जाऊन पंचवीस हजार व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह सर्वत्र आला, तरी ही गोष्ट बदलली नाही. उलट अ‍ॅनालॉग पद्धतीत सबस्टेशनच गाडी हाकते. म्हणजे नवीन म्हणून मिरवणारी पद्धत खऱ्या रेल्वेच्या अधिक जवळची, आणि जुनी ती दूरची!

पण येथेच थांबलो तर अन्याय होईल. डिजिटलने माणूस मोटरमन होतो हे खरे. परंतु अ‍ॅनालॉगच्या बटणांपाशी बसून तो केबिनमधला सांधेवाला होतो. कोणता ब्लॉक मोकळा, कोणाला पुढे घ्यायचे, कोणाला रोखायचे, हे काम केबिनचे. रेल्वेला दोघेही लागतात. तेव्हा निवड करताना पहिला प्रश्न ‘कोणती पद्धत श्रेष्ठ’ हा विचारू नये. ‘मला या खेळात कोण व्हायचे आहे’ हा विचारावा.

आमची चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, पण श्रोत्यांचा तोटा टळावा म्हणून सांगितली पाहिजे. नव्याच्या भरात आम्ही डिजिटलची पेटी आणली, दोन नवीन इंजिने आणली, आणि मुलांच्या आग्रहावरून मोटरमन शेजाऱ्यांचे जुने इंजिनही त्याच रुळांवर ठेवले. त्यात डीकोडर नव्हता. ते हलले नाही, फक्त बारीक गुणगुणू लागले. आम्हांस वाटले, चालत नाही तर राहू दे उभे. शोभा तरी येईल. सर्वजण आत चहा घ्यावयास गेलो. परत आलो तो जळक्या वार्निशचा वास येत होता.

कारण उघड आहे, पण ते आम्हांस नंतर सुचले. डिजिटल रुळांत वीज कायम पूर्ण दाबाची असते. डीकोडर नसलेल्या मोटरीला ती थेट मिळते. दिशा इतक्या वेगाने बदलते की मोटर एका बाजूला वळू लागण्याआधीच तिला उलटे ओढले जाते. ती फिरत नाही, जागच्या जागी थरथरते आणि तापत जाते. जुन्या, लोखंडी गाभ्याच्या मोटरी थोडा वेळ तग धरतात. गाभ्याशिवायच्या नाजूक मोटरी फार लवकर जळतात. काही पेट्यांत असे इंजिन शून्य क्रमांकावर चालवण्याची सोय दिलेली असते. तीही उभ्या इंजिनाला ताप देणारीच. तिच्यावर विसंबू नये.

शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन उचलले, हाताला चटका बसला तसे फडक्यात धरले, आणि घरी नेले. त्यांचे ते न बोलणे आमच्या फार दिवस मनात राहिले. ज्ञान नवे आहे म्हणून हाती असलेली जुनी वस्तू त्याच्या स्वाधीन करण्याआधी ती वस्तू ते ज्ञान सोसेल का, हे विचारले पाहिजे. शाळेत तीस वर्षे आम्ही हेच सांगत होतो.

याच्या उलट चाल मात्र तितकीशी घातक नाही. डीकोडर असलेले इंजिन अ‍ॅनालॉग रुळांवर ठेवले तर बहुतेक डीकोडर ते ओळखतात आणि गाडी चालते. फक्त ती उशिरा जागी होते, कारण पहिले पाचेक व्होल्ट डीकोडरलाच लागतात.

दोन अर्धसत्ये

दुकानदार आणि हौशी मंडळी दोन वाक्ये वारंवार ऐकवतात. पहिले असे: डिजिटलला फक्त दोनच तारा लागतात. हे अर्धेच खरे आहे. ब्लॉकची बटणे आणि त्यांच्या तारा वाचतात, यात शंका नाही. परंतु रूळ जेथे जेथे जोडलेले असतात तेथे वीज कमी होत जाते, म्हणून फळीखालून दोन जाड तारा फिरवून त्यांपासून दर दोन-तीन फुटांवर रुळांना जोड द्यावेच लागतात. शिवाय अ‍ॅनालॉगची पेटी एखादा अँपियर देते. डिजिटलची तीन ते पाच अँपियर देऊ शकते. गाडी सांध्यावर घसरून दोन रूळ एकमेकांना जोडले गेले तर एवढ्या प्रवाहाने चाके आणि प्लास्टिक वितळू शकते. म्हणून पेटीचे आपोआप तुटणारे संरक्षण चालू आहे ना, हे मांडणी पुरी झाल्यावर तपासावे: रुळांवर कोठेही एक नाणे आडवे ठेवावे, पेटी त्याच क्षणी बंद पडली पाहिजे. एका जरी ठिकाणी ती बंद पडली नाही, तर तेथे जाड तारेचा जोड कमी आहे असे समजावे.

गाडी वळून आपल्याच मार्गावर उलट दिशेने येईल असा फास घातला, तर डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट होतो. हे दोन्ही पद्धतींत होते. अ‍ॅनालॉगमध्ये त्यासाठी गाडी थांबवून बटण फिरवावे लागते. डिजिटलमध्ये तेवढ्या तुकड्याची अदलाबदल आपोआप करणारे साधन मिळते. छोट्या फळीवर उत्तम उपाय म्हणजे तो फास घालूच नये.

दुसरे अर्धसत्य: अ‍ॅनालॉग गाडी धक्के खात चालते, सावकाश चालत नाही. जुन्या रोधकाच्या पेटीने तसे होते खरे. पण विजेचे छोटे छोटे ठोके देणाऱ्या अ‍ॅनालॉग पेट्या मिळतात, आणि त्यांनी गाडी मुंगीच्या पावलांनी फलाटाला लागते. सावकाश चालणे हे पद्धतीपेक्षा मोटर, दातेरी चाके आणि स्वच्छ रूळ यांवर अधिक अवलंबून असते.

खारी हवा

स्वच्छ रुळांचा विषय निघाला म्हणजे अर्नाळ्याच्या माणसाने सुस्कारा सोडावा. किनाऱ्याची खारी, दमट हवा कोणाचीच गय करीत नाही. जी हवा खिडकीचे गज खाते ती रूळ सोडील कशी? पोलादी रूळ येथे एका पावसाळ्यात तांबडे होतात. पितळी रुळांवर काळपट थर येतो आणि तो वीज अडवतो. जर्मन सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. नावात चांदी असली तरी त्यात तांबे, निकेल आणि जस्त एवढेच असते. पण त्यावर थर कमी धरतो. प्लायवुड पाण्याला टिकणारे घ्यावे आणि खालीवर दोन्हीकडून रंगवावे, नाहीतर फळी फुगते आणि रुळांचे सांधे उघडतात. रूळ पुसावयास सुती फडके आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. सँडपेपर लावू नये. त्याने चरे पडतात आणि चऱ्यांत मळ अधिक बसतो.

मळाचा परिणाम दोन्ही पद्धतींत वेगळा होतो. अ‍ॅनालॉग इंजिन मळक्या जागी अडखळते. बोटाने ढकलले की पुढे जाते. डिजिटल इंजिनाचे मात्र क्षणभर वीज तुटली तरी भान हरपते. डीकोडर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आवाज आणि दिवे असतील तर तेही पहिल्यापासून सुरू होतात. त्यासाठी डीकोडरला छोटा विद्युत्संग्राहक जोडता येतो. तो क्षण-दोन क्षणांची वीज साठवून ठेवतो. गावाबाहेर जाताना माणूस जसा पाण्याची बाटली बरोबर घेतो, तसा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी डिजिटल घ्यायचे ठरवले तर हा खर्च धरूनच हिशेब करावा.

खर्च आणि निवड

खर्चाचे सूत्र साधे आहे. अ‍ॅनालॉगमध्ये पैसा फळीखाली जातो: तारा, बटणे, डाग देण्याचे श्रम. डिजिटलमध्ये तो एकदा पेटीत आणि मग प्रत्येक इंजिनात जातो. म्हणून इंजिने थोडी आणि माणसे अधिक असतील तर डिजिटल परवडते. जुनी इंजिने पुष्कळ आणि चालवणारा एकटा असेल तर अ‍ॅनालॉग परवडते. हात चालवण्याची आवड असेल त्याला तिसरी वाटही आहे: २०१५ मध्ये ‘डीसीसी प्लस प्लस’ नावाचा खुला कार्यक्रम तयार झाला. आर्डुइनो नावाची छोटी विद्युत्फळी आणि मोटर चालवणारी दुसरी एक फळी घेऊन त्याच्या आधारे हुकूम देणारी पेटी घरी बांधता येते. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. मोठ्या शाळकरी मुलांना हे काम देऊन पाहावे. गाडी चालण्याआधीच ती पुष्कळ शिकलेली असतात.

आता कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही त्याला चार प्रश्न विचारतो. एका वेळी किती गाड्या हलवणार? किती जणांच्या हातात मूठ देणार? घरात जुनी, उघडू नयेत अशी इंजिने आहेत का? आणि बटणांची शिस्त तुम्हांला ओझे वाटते की गंमत? एक गाडी आणि एक माणूस असेल तर अ‍ॅनालॉग घ्यावे आणि उरलेल्या पैशांत चांगले रूळ घ्यावेत. दोन गाड्या आणि दोन माणसे असतील तर दोन्ही पद्धती चालतील. तेथे चौथ्या प्रश्नाचे उत्तर निर्णय देते. बगलमार्गात इंजिनामागे इंजिन लावायचे असेल, स्थानकात डब्यांची जुळवाजुळव करायची असेल, तीनचार मुलांना एकाच वेळी गुंतवायचे असेल, तर डिजिटलला पर्याय नाही. एकाच मांडणीत अर्धे रूळ अ‍ॅनालॉग आणि अर्धे डिजिटल मात्र कधी ठेवू नयेत. फटीवरून जाताना इंजिनाची चाके दोन्ही विजा एकत्र करतात, आणि त्यात पेटी किंवा डीकोडर यांपैकी काहीतरी जाते.

आमच्या ओटीवर अखेर काय ठरले ते सांगून थांबतो. मोटरमन शेजाऱ्यांच्या इंजिनाला खटपटीने दुसरी मोटर बसवली. आता डीकोडरही बसवावा, असे आम्ही सुचवले. आमच्या चुकीची थोडी भरपाई होईल असे वाटले. ते म्हणाले, “नको गुरुजी. ते आलं तसंच राहू द्या. त्याला आता नवी भाषा शिकवू नका.” म्हणून फळीच्या कडेला एक मोठे दुहेरी बटण बसवले आहे. त्याने सबंध मांडणी एका वेळी एकाच पद्धतीला जोडली जाते, आणि मधल्या जागी ते ठेवले की वीज पूर्ण बंद. त्याच्याखाली मुलीने पाटी लिहिली आहे: ‘बटण फिरवण्याआधी रूळ पाहा.’ जुने इंजिन रुळांवर असेल तर बटण डिजिटलकडे जात नाही. तसा नियमच आहे.

आठवडाभर मुले डिजिटलवर मोटरमन होतात, हुकमांवर भांडतात, एकमेकांच्या गाड्या अडवतात. रविवारी सकाळी बटण अ‍ॅनालॉगकडे फिरते. त्या दिवशी रुळांवर एकच इंजिन असते, मूठ शेजाऱ्यांच्या हातात असते, आणि ती दहा वर्षांची मुलगी ब्लॉकची बटणे सांभाळते. पुढचा तुकडा मोकळा झाला की ती ‘लाइन क्लिअर, आजोबा’ असे सांगते, आणि मगच ते मूठ फिरवतात. चाळीस वर्षे ज्याने केबिनचा सिग्नल मानला, तो माणूस आजही तिच्या शब्दावाचून गाडी हलवत नाही.